वीस तासांचा आठवडा

३१ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ पत्रकारांसमोर आले आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. आदल्याच दिवशी 'डेट्रॉइट फ्री प्रेस' या वृत्तपत्राने त्यांच्या संघाविषयी एक सविस्तर वृत्तान्त छापला होता. त्यात ना लाचेचा आरोप होता, ना उत्तेजक द्रव्यांचा, ना सामना विकल्याचा. आरोप असा होता की, या संघात विद्यार्थ्यांकडून नियमापेक्षा जास्त वेळ सराव करून घेतला जातो.

आपल्याकडील वाचकाला हा आरोप प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. महाविद्यालयीन खेळाडूंविषयी आपली नेहमीची तक्रार नेमकी उलट असते. त्यांना मैदान मिळत नाही, प्रशिक्षक मिळत नाही, सरावाला सवड मिळत नाही. कष्ट जास्त करवून घेतले म्हणून कोणाची चौकशी व्हावी, हे आपल्या संस्कारात बसणारे नाही. 'रियाज' हा शब्द आपण जवळजवळ धार्मिक आदराने उच्चारतो. त्यात मी मराठी शिकविणारा. या खेळाचे नियमही मला धड ठाऊक नव्हते. तरीही हे प्रकरण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी मुद्दाम पाहावे असे मला वाटते. विद्यार्थ्याचा वेळ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न तेथे दोन-तीन शब्दांच्या व्याख्यांवर तोलला गेला, आणि त्या व्याख्या करण्याचा अधिकार विद्यार्थ्याकडे कधीच नव्हता. शब्दांचा असा व्यवहार तपासणे हे आपले काम आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. येथे फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर चिलखतासारखी संरक्षक कवचे चढवून एकमेकांवर आदळण्याचा हा खास अमेरिकी खेळ. त्याचे व्यावसायिक संघ आहेतच. पण विद्यापीठांच्या संघांचे वेडही काही कमी नाही. मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बर येथील मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, म्हणजे मुंबईच्या वानखेडे मैदानाच्या साधारण तिप्पट. तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क, जाहिराती आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या अशा अनेक वाटांनी तेथे पैसा येतो. रॉड्रिगेझ यांचा करार वर्षाला सरासरी पंचवीस लाख डॉलरचा होता. प्रत्यक्ष खेळणाऱ्या मुलांना मात्र त्या काळी वेतन घेण्यास मनाई होती. त्यांना मिळे ती शिष्यवृत्ती: शिक्षणशुल्क, निवास, भोजन, पुस्तके. ही मुले हौशी आहेत आणि ती आधी विद्यार्थी आहेत, मग खेळाडू, अशी विद्यापीठीय क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेची अधिकृत भूमिका होती.

याच भूमिकेतून सरावाच्या वेळेचा नियम जन्माला आला. तो १९९१ पासून लागू आहे. स्पर्धेच्या मोसमात आठवड्याला वीस तास आणि दिवसाला चार तास यांहून अधिक वेळ खेळाडूकडून घेता येत नाही, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते. मोसम नसताना ही मर्यादा आठवड्याला आठ तासांची असते. वर्ग, ग्रंथालय, मित्र, झोप यांसाठी विद्यार्थ्याकडे काही उरावे हा नियमाचा हेतू. हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही.

गंमत पुढे आहे. वीस तास कशाचे? नियम म्हणतो, 'मोजण्याजोग्या' क्रीडाकार्याचे. मैदानावरील सराव, प्रशिक्षकाने सांगितलेला व्यायाम, डावपेचांच्या बैठका, जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहणे हे मोजायचे. परगावच्या सामन्यासाठी केलेला प्रवास मोजायचा नाही. संघाने एकत्र घ्यावयाचे भोजन मोजायचे नाही. दुखावलेल्या गुडघ्यावर उपचार आणि सरावाआधी घोट्यांना पट्ट्या बांधून घेणे मोजायचे नाही. सामन्याचा दिवस, तो सकाळी सुरू होऊन रात्री संपला तरी, तीन तासांचा धरायचा. आणि जो सराव विद्यार्थ्याने 'ऐच्छिक' म्हणून केला, तो तर मुळीच मोजायचा नाही.

आता मिशिगनकडे वळू. वृत्तपत्राशी त्या संघातील काही आजी-माजी खेळाडू नाव न छापण्याच्या अटीवर बोलले होते. त्यांचे म्हणणे असे की, शनिवारच्या सामन्यानंतरच्या रविवारी नऊ-नऊ तास फुटबॉलच्या कामात जात, आणि मोसम नसतानाही आठ तासांच्या दुप्पट-तिप्पट वेळ सक्तीचा व्यायाम करावा लागे. चौकशी झाली. विद्यापीठाने स्वतः केली, एनसीएएनेही केली. २०१० च्या मे महिन्यात विद्यापीठाने चुका मान्य केल्या. त्या वर्षी ४ नोव्हेंबरला अंतिम निकाल आला. नियमभंग गंभीर स्वरूपाचा ठरला. या नामांकित संघाच्या इतिहासात तसे पूर्वी कधी घडले नव्हते. ज्यांना प्रशिक्षण देण्याची परवानगी नव्हती अशा सहायक कर्मचाऱ्यांनी ते दिले, तासनोंदीचे अर्ज वेळेवर भरून दिले गेले नाहीत, आणि सरावाची मर्यादा ओलांडली गेली, असे दोष दाखवले गेले. शिक्षा म्हणून संघाला तीन वर्षे देखरेखीखाली ठेवण्यात आले आणि त्याच्या सरावातून १३० तास कापण्यात आले.

हा १३० चा आकडा कोठून आला? जादा घेतलेले तास एकूण सुमारे ६५ आहेत असा विद्यापीठाचा हिशेब होता. त्याची दुप्पट ही शिक्षा. म्हणजे अनेक महिन्यांचा हिशेब मांडून पाहिल्यावर हाती आले ते ६५ तास. खेळाडू सांगत होते दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला दुप्पट-तिप्पट. कागद सांगत होता रविवारी काही मिनिटे आणि मोसमाबाहेर आठवड्याला दोनेक तास. मिशिगनच्या चाहत्यांनी यावरून वृत्तपत्रावर झोड उठवली. एवढ्याशा गोष्टीचा एवढा गाजावाजा, असे ते म्हणाले. विद्यापीठाचे उत्तर अधिक सभ्य होते: वृत्तान्तात मोजावयाचे तास आणि न मोजावयाचे तास यांत फरक केलेला नाही.

या वाक्यापाशी मी थांबलो. विद्यापीठ येथे खोटे बोलत नव्हते, आणि माझा समज असा की खेळाडूही खोटे बोलत नव्हते. दोघे दोन भाषांत बोलत होते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या भाषेत रविवार म्हणजे सकाळी घराबाहेर पडल्यापासून संध्याकाळी परतेपर्यंतचा अखंड दिवस. त्यातला उपचारांचा तास वेगळा, जेवणाचा वेगळा, बैठकीचा वेगळा, अशी फोड त्याचे शरीर करीत नाही. नियमाच्या भाषेत मात्र त्या दिवसातील बराचसा भाग घडलेलाच नसतो. जे मोजायचे नाही ते नोंदले जात नाही, आणि जे नोंदले जात नाही त्याविषयी तक्रार करणारा अतिशयोक्ती करणारा ठरतो.

ही फारकत एकट्या मिशिगनची नव्हती. एनसीएएनेच केलेल्या आणि २००८ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वरच्या श्रेणीतील विद्यापीठांच्या फुटबॉल खेळाडूंनी मोसमातील आपला सरासरी वेळ आठवड्याला ४४.८ तास सांगितला होता. नियम वीस तासांचा. आणि नियम करणाऱ्या संघटनेच्या हाती तिच्याच पाहणीने दिलेला आकडा त्याच्या दुपटीहून अधिक. हे प्रसिद्ध झाल्यावरही कोठे भूकंप झाला नाही, कारण या दोन आकड्यांत तांत्रिकदृष्ट्या विसंगती नव्हतीच. उरलेले २४.८ तास 'न मोजण्याजोगे' असू शकत होते. मग मिशिगनला शिक्षा कशाची झाली? माझ्या मते, ती हिशेब नीट न ठेवल्याची झाली. अन्यत्रही मुलांचा वेळ इतकाच जात होता. तेथील वह्या अधिक नीटनेटक्या असाव्यात, एवढेच. आणि शिक्षेतून परत मिळालेले १३० तासही ज्यांच्याकडून मूळ तास घेतले होते त्यांच्या वाट्याला पूर्णपणे आले नाहीत. विद्यापीठात मुलगा चार-पाच वर्षे असतो. निकाल लागून शिक्षा अमलात येईपर्यंत त्यांच्यापैकी कित्येक जण निघून गेले होते.

आता 'ऐच्छिक' या शब्दाकडे पाहू. एनसीएएने त्याची व्याख्या फार काळजीपूर्वक केली आहे. ऐच्छिक सरावाची मागणी खुद्द खेळाडूकडून आली पाहिजे. त्याने काय केले हे त्याला प्रशिक्षकाला कळवावे लागू नये, दुसऱ्या कोणीही कळवू नये. प्रशिक्षकांना दाखविण्यासाठी हजेरी मांडली जाऊ नये. न आल्याबद्दल दंड नसावा, आल्याबद्दल बक्षीस नसावे. कागदावर ही व्याख्या निर्दोष आहे. पण ती वाचताना मला एका महाविद्यालयाचा सूचनाफलक आठवला. माझी सुरुवातीची काही वर्षे तासिका तत्त्वावर गेली. मानधन तासाला मिळे, आणि तास म्हणजे वर्गात उभे राहून शिकविलेला तास. व्याख्यानाची तयारी, वह्या तपासणे, स्नेहसंमेलन, समितीच्या भेटीपूर्वी रात्री उशिरापर्यंत लावलेल्या फायली हे मोजण्याजोगे नसे. अधूनमधून फलकावर सूचना लागे: "इच्छुक प्राध्यापकांनी रविवारी सकाळी उपस्थित राहावे." त्या सूचनेत आज्ञार्थ नव्हता. हजेरीपटही नसे. तरीही पुढच्या वर्षी पुन्हा नेमणूक हवी असणारा प्रत्येक जण रविवारी सकाळी तेथे असे. कोण आले नाही हे ध्यानात ठेवायला वही लागत नाही.

इच्छा ही स्वतंत्र माणसाची असते. ज्याची जागा, ज्याची शिष्यवृत्ती, ज्याचे पुढचे व्यावसायिक भवितव्य समोरच्या एका माणसाच्या पसंतीवर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत 'ऐच्छिक' हा शब्द वापरणे म्हणजे आपल्या हुकमावर त्याची सही घेणे. साधी सक्ती बरी म्हणावी लागेल. सक्तीत निदान सक्ती करणारा कोण आहे हे दिसते, आणि उद्या काही विपरीत घडले तर त्याला जाब विचारता येतो. ऐच्छिक म्हटले की जबाबदारी उचलून त्या मुलाच्याच माथी मारता येते.

विपरीत घडलेही होते. ३ ऑगस्ट २००१ रोजी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रशिदी व्हीलर हा खेळाडू मोसमापूर्वीच्या एका धावण्याच्या सरावात कोसळला आणि मरण पावला. तो दमेकरी होता. तो सराव कागदोपत्री ऐच्छिक होता, आणि तरीही त्याचे चित्रीकरण चालू होते. पुढे २००५ मध्ये त्याच्या कुटुंबाशी विद्यापीठाने एक कोटी साठ लाख डॉलरची तडजोड केली. मृत्यूच्या वैद्यकीय कारणांविषयी दोन्ही बाजूंनी बराच वाद झाला, त्यात मी शिरत नाही. स्वतःच्या इच्छेने धावणाऱ्या मुलांचे चित्रीकरण कोणी कोणासाठी करावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

तिसरा शब्द या दोहोंहून जुना आहे: 'विद्यार्थी-खेळाडू'. इंग्रजीत तो जोडशब्द आज इतका रुळला आहे की तो कोणी मुद्दाम घडविला असेल असे वाटत नाही. पण तो घडविलेला आहे. १९५५ साली कोलोरॅडोमधील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगाराच्या मृत्यूबद्दल मिळणारी भरपाई मागितली. खेळाडू हा महाविद्यालयाचा कामगार ठरला तर काय अनर्थ ओढवेल, या भीतीने एनसीएएचे तेव्हाचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शब्द प्रचारात आणला. पुढे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनपर पुस्तकात बायर्स यांनी स्वतःच याची कबुली दिली. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेनिसनच्या पत्नीचा दावा फेटाळला.

आपल्या वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला तर विद्यार्थी त्याचा विग्रह मागतील. 'विद्यार्थी आणि खेळाडू' असा केला तर तो द्वंद्व समास होईल आणि दोन्ही पदे तुल्यबळ ठरतील. एनसीएएच्या प्रचारसाहित्यात तो असाच सोडविला जातो. प्रशिक्षकाच्या लेखी तो तत्पुरुष आहे. दुसरे पद प्रधान. मला मात्र तो बहुव्रीहीच्या जातीचा वाटतो. बहुव्रीहीत दोन्ही पदे गौण असतात आणि त्यांवरून तिसऱ्याच कोणाचा बोध होतो. येथे तो तिसरा कोण? वर्गात पूर्ण वेळ बसू शकत नाही म्हणून जो पुरता विद्यार्थी नाही, आणि मोबदला मागू शकत नाही म्हणून जो कामगारही नाही, असा कोणीतरी.

आता दुसरी बाजू. ती पोकळ नाही. पहिला आक्षेप असा की, मुलांना खेळायचेच असते. कोणी बंदूक रोखलेली नसते. व्यावसायिक संघात जाण्याचे स्वप्न पाहणारा मुलगा वीस तासांनी समाधान पावणार नाही, आणि पावू नये. संगीत शिकणारा विद्यार्थी रोज सहा तास बसतो, प्रयोगशाळेतील संशोधक विद्यार्थी रात्री दोन वाजता घरी जातो. त्यांचे तास कोण मोजतो? दुसरा आक्षेप असा की, प्रशिक्षकालाच का दोष द्यावा? रॉड्रिगेझ यांचा पहिलाच मोसम तीन विजय आणि नऊ पराजय असा संपला होता. एक लाख माणसे निकालाची वाट पाहत असताना त्यांनी कमी सराव घ्यावा अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. संघाने २००९ आणि २०१० मध्येही फारसे यश मिळवले नाही, आणि ५ जानेवारी २०११ रोजी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. तासांच्या नियमभंगाच्या निकालानंतर ते पदावर राहिले होते. त्यांना घालवले ते मुख्यतः पराभवांनी.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने माझ्या म्हणण्याला बळच मिळते. एनसीएएनेही रॉड्रिगेझ यांच्यावरील आरोप अखेरीस सौम्य केला. नियमपालनाचे वातावरणच निर्माण केले नाही हा मूळ ठपका गाळून पुरेशी देखरेख ठेवली नाही एवढाच ठेवला. एका माणसाला खलनायक ठरवून या गोष्टीचा उलगडा होणार नाही.

पहिला आक्षेप अधिक कठीण. रियाजाची महती मी नाकारणार कशी? पण रियाज करणाऱ्याच्या दिवसाचा हिशेब त्याच्या गुरूच्या कमाईशी बांधलेला नसतो, निदान नसावा. शिवाय संगीताचा विद्यार्थी सहा तास बसतो तेव्हा तो त्याच विषयाचे शिक्षण घेत असतो. ते तास त्याच्या पदवीतून वजा होत नाहीत. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला विद्यापीठ फुटबॉलची पदवी देत नाही. त्याला इतिहासाची, अर्थशास्त्राची, रसायनशास्त्राची पदवी देण्याचे वचन दिलेले असते, आणि तेच त्याच्या श्रमाचे मोल म्हणून सांगितले जाते. तुम्ही खेळा, आम्ही शिकवतो, असा हा सौदा.

हा सौदा नीट पाहिला की सरावाच्या तासांचा नियम शिस्तीची किरकोळ बाब राहत नाही. पैसा साठवून ठेवता येतो, आज न दिलेले वेतन उद्या व्याजासह देता येते. शिक्षणाचे तसे नाही. वर्गात बसणे, वाचणे, वाचलेले मुरू देणे, चुकणे, पुन्हा लिहिणे, या सगळ्यांचे द्रव्य एकच, ते म्हणजे वेळ. ज्याला मोबदला म्हणून शिक्षण दिले त्याचा वेळ काढून घेणे म्हणजे एका हाताने दिलेले वेतन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, वेठ.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा नॉर्थवेस्टर्नचेच आहे. तेथील केन कोल्टर या खेळाडूच्या पुढाकाराने मुलांनी कामगार संघटना स्थापण्याचा अर्ज केला. २६ मार्च २०१४ रोजी राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी शिष्यवृत्तीधारक खेळाडू हे विद्यापीठाचे कर्मचारी आहेत असा निर्णय दिला. ऑगस्टमधील शिबिरात आठवड्याला पन्नास ते साठ तास आणि मोसमात चाळीस ते पन्नास तास ही मुले फुटबॉलला देतात, असे त्या निर्णयात नमूद आहे. कोल्टरला डॉक्टर व्हायचे होते. त्यासाठी आवश्यक असलेला रसायनशास्त्राचा वर्ग सकाळच्या सरावाच्या वेळी होता, म्हणून तो त्याला घेता आला नाही. तो सोबत्यांच्या मागे पडला आणि शेवटी त्याने मानसशास्त्र हा विषय घेतला. मानसशास्त्रात काही उणे नाही. पण कोणत्या विषयाने आपले आयुष्य घडावे हे सरावाच्या वेळापत्रकाने ठरविले, आणि त्या सकाळच्या सरावात नियमाचा भंग झाला असे कोणी म्हटलेले नाही. सगळे वीस तासांच्या चौकटीत बसणारे होते. पुढे १७ ऑगस्ट २०१५ रोजी वरिष्ठ मंडळाने या प्रकरणात अधिकारक्षेत्र वापरण्याचेच नाकारले आणि संघटनेचा प्रयत्न तेथे थांबला.

वेळ उरला नाही की शिक्षणाचे सोंग आणावे लागते. ते आणणारे मग आपल्याच व्यवसायातील लोक असतात, हे अध्यापकांनी विसरू नये. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील शाखेत १९९३ ते २०११ या काळात असे अभ्यासक्रम चालले की ज्यांत वर्ग भरत नसे, अध्यापक भेटत नसे, सत्राच्या अखेरीस एक निबंध द्यायचा आणि उदार हस्ताने गुण घ्यायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशीनुसार ३१०० हून अधिक विद्यार्थी या वाटेने गेले, त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू होते. २०१७ मध्ये एनसीएएने या अभ्यासक्रमांबद्दल विद्यापीठाला शिक्षा केली नाही, कारण ते खेळाडूंपुरते मर्यादित नव्हते, सर्वांना खुले होते. म्हणजे फसवणूक सर्वांना समान उपलब्ध असल्यामुळे ती क्रीडानियमांत बसेना! सरावाचे तास जादा मोजले गेले तर गंभीर दोष, आणि शिकविण्याचे तास मुळात झालेच नाहीत तर दोष नाही. या दोन निकालांना शेजारी ठेवून पाहावे.

मिशिगनच्या प्रकरणानंतर बरेच बदलले आहे. २०१७ पासून मोठ्या विद्यापीठांत रात्री आठ तासांची सलग विश्रांती सक्तीची झाली आणि प्रवासाचा दिवस सुट्टी म्हणून दाखविण्यास बंदी आली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एक मोठी तडजोड मंजूर केली आणि त्यानंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर आहे. हे न्याय्य आहे, आणि फार उशिरा घडले आहे. पण त्यामुळे मूळ प्रश्न सुटला असे मला वाटत नाही. पैसा आला म्हणून वेळ परत आला नाही. उलट आता अशी भीती आहे की, मोबदला मिळतोच आहे, मग तासांची कुरकूर कशाला, असे म्हटले जाईल. वीस तासांचा नियम पुस्तकात आहे, 'मोजण्याजोगे' आणि 'ऐच्छिक' हे शब्दही तेथेच आहेत.

मग करावे काय? मला दोन साध्या गोष्टी सुचतात. पहिली, घड्याळ विद्यार्थ्याच्या बाजूने लावावे. आज नियम विचारतो, संघाने किती तास घेतले. त्याऐवजी विचारावे, विद्यार्थ्याकडे किती तास उरले. तसे विचारले की प्रवास, उपचार, सामन्याचा अख्खा दिवस आणि तथाकथित ऐच्छिक व्यायाम हे सारे आपोआप मोजले जाईल. दुसरी, एखाद्या विद्यार्थ्याला हवा असलेला वर्ग आणि संघाचा सराव एकाच वेळी आले तर सराव हलवावा, वर्ग नव्हे. आणि यावर शेवटचा शब्द अध्यापकांचा असावा. प्रत्येक सदस्य विद्यापीठात क्रीडाविभागावर अध्यापकांचा प्रतिनिधी नेमण्याची एनसीएएची तरतूद आहेच. त्याला सही करण्यापलीकडे काही अधिकार द्यावा.

आपल्याकडे विद्यापीठीय फुटबॉलचे असे साम्राज्य नाही, आणि मला ओढूनताणून साम्य दाखवायचे नाही. पण विद्यार्थ्याच्या वेळेवर हक्क सांगणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या सूचनांत 'इच्छुकांनी' हा शब्द असतो. आपणही अशा सूचना काढतो. पुढच्या वेळी तो शब्द लिहिताना, जो येणार नाही त्याचे काय होईल, हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचे खरोखर काहीही होणार नसेल तरच तो शब्द फलकावर जाऊ द्यावा.